तुझं तू बघ

४ मार्च

आई,

नमस्कार करते. फोनवर तुम्ही येत नाही. भाऊजी दर वेळी सांगतात की तुम्ही आत्ताच पडला आहात, नाहीतर शिवायला बसला आहात. भाऊजींना खोटं बोलता येत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. मागून तुमच्या मशीनचा आवाज कधीच येत नसतो. शेवटी काल तेच म्हणाले, "वहिनी, पत्र लिहा. पत्र ती वाचेल. निदान फाडणार तरी नाही, कागद वाया गेलेला तिला खपत नाही." म्हणून लिहायला घेतलं.

बटण बरी आहे. उंची वाढली आहे, तुम्ही शिवून पाठवलेला निळा फ्रॉक आता गुडघ्याच्या वर जातो, तरी तोच घालते. मी मराठीत विचारलं की इकडच्या भाषेत उत्तर देते. हे होते तेव्हा संध्याकाळी दोघं मराठीतच भांडायचे, आता भांडायला कुणी नाही. तिला वर्गात विचारलं की तुझं हे नाव कुणी ठेवलं, तर म्हणाली, माझी आजी शिवणकाम करते, तिला मी बटणाएवढी दिसले. हे मात्र तिने मला मराठीत सांगितलं.

तुम्हाला भाऊजींकडून कळलं असेलच, पण मीही लिहिते. आम्ही इथे राहत होतो ते ह्यांच्या नोकरीवर. कंपनीने ह्यांना शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायला बोलावलं, म्हणून ह्यांना व्हिसा, आणि ह्यांच्यामुळे आम्हा दोघींना. हे गेल्यावर कंपनीने नियमाप्रमाणे सरकारला कळवलं की सदर कर्मचारी आता कामावर नाही. तेवढंच. त्यावरून आम्हाला पत्र आलं की उन्हाळा संपेपर्यंत राहता येईल, पुढे नाही.

तेव्हा बटणची शाळा संपली की येऊ. सध्या घर आवरते आहे. ह्यांचे कपडे अजून कपाटातच आहेत.

तुमचा माझ्यावर का राग आहे ते मला माहीत आहे. त्यावर आज लिहीत नाही.

तुमची सून


२९ मार्च

आई,

भाऊजींच्या पोटात काही राहत नाही. मी त्यांना कवळ्या करायच्या माझ्या जुन्या लॅबमधून अनुभवाचा दाखला आणून पाठवायला सांगितलं होतं, आणि आईला सांगू नका असंही सांगितलं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी जेवताना सांगितलं. मग तुम्ही जे म्हणालात तेही त्यांनी मला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तिला लिही, पोरीला पाठव. तुझं तू बघ."

मी ते दोन दिवस मनात घेऊन फिरले. आज उत्तर लिहिते.

हो, मी घर आवरत नव्हते. मी नोकरी शोधत होते.

इथे राहायचं तर मला स्वतःच्या नावावर व्हिसा हवा, आणि त्यासाठी स्पॉन्सर हवा. म्हणजे असा मालक की ज्याने आधी सरकारदरबारी स्वतःची नोंद करून परवानगी घेतली आहे, आणि जो लिहून देईल की ह्या कामाला मला इथला माणूस मिळत नाही, ही बाई हे काम शिकलेली आहे, आणि हिला मी ठरलेल्या पगाराच्या खाली ठेवणार नाही. मी दातांच्या लॅबा धुंडाळल्या. सगळीकडे माझं काम बघण्याआधी व्हिसा विचारत. एक जण तर फोनवर माझं नाव ऐकूनच म्हणाला की आम्ही स्पॉन्सर करत नाही. मी अजून कवळी हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता.

मग एका दवाखान्यातल्या नर्सने एक पत्ता दिला. जुन्या इमारतीचं तळघर, शेजारी किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान. आत सत्तरीचे एक मालक आणि कवळ्या चकचकीत करणारी एक अर्धवेळ पोलिशवाली. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. मालकांचा उजवा हात थरथरतो. त्यांनी माझा दाखला बाजूला ठेवला, प्लास्टरचे वरचे-खालचे दोन साचे समोर ठेवले आणि म्हणाले, "लाव." मी स्टुलावर बसले, मेण गरम केलं आणि दात लावायला घेतले. मध्ये त्यांनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. शेवटी त्यांनी जबडा मिटून उघडून पाहिला, दाढा जुळताहेत का ते कागदाने पाहिलं आणि विचारलं, "इतकी वर्षं काय करत होतीस?"

मी म्हटलं, "घर."

आई, तुम्हाला आठवतं का, लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तुमची कवळी केली होती? तुम्ही मापाला बसायला तयार नव्हतात. सुनेसमोर तोंड उघडून बसायचं म्हणजे काय, म्हणालात. मग ह्यांनी तुमच्या समोर बसून स्वतःचं माप काढून घेतलं, तोंडात मापाचा ट्रे तसाच, आणि तुम्हाला खुणेने सांगत राहिले की काही होत नाही. लाळ शर्टावर गळत होती. तुम्ही हसलात आणि हसता हसता तोंड उघडलंत. त्या स्टुलावर बसले आणि मला ते आठवलं. ह्यांच्या आठवणीने रडू आलं नाही असं ते पहिल्यांदाच झालं.

तुम्ही म्हणाल, इथे येऊन कर की हे काम. बरोबर आहे. पण ह्या रस्त्यांवर हे चाललेले आहेत. बसथांब्यावर जिथे उभे राहायचे ती जागा मला माहीत आहे. इथून निघाले की ती जागा मला कोण दाखवणार? आणि दुसरंही आहे. तिकडे आले की मी तुमच्या घरात कोण? तुम्ही ऐन तरुणपणी विधवा झालात, दोन मुलं आणि एक मशीन घेऊन उभ्या राहिलात. तुम्हाला कुणी विचारलं होतं का, कुठे राहायचंय? मला निदान कुणाला तरी विचारता येतंय.

बटणला एकटीला पाठवणार नाही. हे मात्र पक्कं.

तुमची सून


१७ मे

आई,

मालकांनी मला ठेवायचं ठरवलं आणि स्पॉन्सर म्हणून नोंदणीचा अर्ज केला. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी बँकेत आहे, तिने फोनवर त्यांना चांगलंच सुनावलं. ह्या वयात सरकारची झेंगटं कशाला मागे लावून घेता, लॅब बंद करा आणि माझ्याकडे या. मालक म्हणाले, "बंदच करणार होतो. आता नाही."

मंगळवारी व्हिसा ऑफिसची बाई तपासणीला आली. तिशीची असेल, बूट स्वच्छ होते, धुळीत ते पांढरे झाले तरी तिने तक्रार केली नाही. तिने मालकांना विचारलं की इथलाच कुणी का नाही ठेवला. मालक म्हणाले, "जाहिरात दिली होती. दोघं आले. एकाला धुळीचा खोकला झाला आणि दुसऱ्याला पगार ऐकून." ती हसली नाही, लिहून घेतलं. मग मला काम करायला सांगून मागे उभी राहिली. मी एक वरची कवळी घासत होते. माझे हात छान चालले.

त्यानंतर तिने मालकांना त्यांच्या जबाबदाऱ्या वाचून दाखवल्या. पगार अमुकच्या खाली जाता कामा नये. कामाची जागा बदलली तर कळवायचं. आणि कर्मचारी न सांगता किंवा बिनपगारी रजेवर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला तर कळवायचं, नाहीतर तुमचीच परवानगी जाईल. ती हे सगळं अगदी साध्या आवाजात वाचत होती. मी मशीन बंद केलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले.

आता ते लिहिते, जे पहिल्या पत्रात टाळलं.

ह्यांना खोकला सुरू झाला तेव्हा हे दिवसभर शीतगृहात आत-बाहेर करत होते. आत बर्फ, बाहेर ऊन. डॉक्टरने घरी पडून राहायला सांगितलं. ह्यांच्या साहेबाने रजाही दिली, तो काही वाईट माणूस नाही. पण त्याने सांगितलं की भरपगारी रजा संपली की मला वर कळवावं लागेल, माझ्या हातात नाही. हे घरी आले आणि म्हणाले, "चार दिवसांत बरा होतो, मग जातो." चार दिवसांत बरे झाले नाहीत, तरी गेले. मी दारात आडवी उभी राहिले होते. मला म्हणाले, "अगं, नाव कापलं तर तिघांनाही सामान बांधावं लागेल." मला हाताने बाजूला केलं. अंग गरम होतं.

मग दवाखाना. तुमचा राग आहे की मी कळवलं नाही, मुलगा इस्पितळात पडलाय हे तुम्हाला तो गेल्यावर कळलं. आई, मी दोनदा फोन हातात घेतला. ह्यांनी नळ्या लावलेल्या हाताने माझं मनगट धरलं. बोलता येत होतं तोवर एकच म्हणत होते, "आईला नको सांगूस. ती रात्रभर मशीन चालवत बसेल. मी बरा झालो की मीच बोलतो." मी त्यांचं ऐकलं. ते बरे होणार असंच मलाही वाटत होतं. पुन्हा तीच वेळ आली तरी मी त्यांचंच ऐकेन, आणि तुम्ही पुन्हा मला माफ करणार नाही. दोन्ही मला कळतं.

भाऊजींना वेळेत व्हिसा मिळाला नाही, आणि सगळं इथेच उरकावं लागलं. तुम्हाला ह्यांचं तोंड बघता आलं नाही. 

जिन्यात मालक आले. माझ्याशेजारी बसले, गुडघे दुखतात तरी बसले. ह्यांचं सगळं त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "तू कधीही आजारी पड. मी आजवर कुणाची हजेरी घेतलेली नाही, मला ते येतच नाही."

तुमची सून


३० जून

आई,

मालकांना परवानगी मिळाली. दारावर लावायचं काही नसतं, पण त्यांनी ते पत्र काचेच्या चौकटीत घालून साच्यांच्या फळीवर उभं केलंय. पोलिशवालीने केक आणला. माझा पगार सरकारी रेषेच्या वर जावा म्हणून मालकांनी स्वतःचा कमी केला, हे मला तिने सांगितलं. त्यांनी सांगितलं नसतं.

माझा व्हिसाही होईल, असं अर्ज भरून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या. मग त्यांनी कागद फिरवून एका ओळीवर बोट ठेवलं. मुलं सोबत ठेवायची तर पगाराची रेषा वेगळी आहे, बरीच वर. मालकांनी लॅब विकली तरी तिथवर पोचायचं नाही.

मी म्हटलं, "पण ती आत्ता इथेच आहे. रोज शाळेत जाते."

"ती वडिलांच्या व्हिसावर आहे."

"वडील नाहीत."

"म्हणूनच," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनाही बोलताना जड जात होतं. "पूर्वी एकट्या पालकाला सूट होती. ह्या वर्गाच्या व्हिसाला आता नाही. तुम्ही राहू शकता. पुढे पगार वाढला, दोन-तीन वर्षांनी, तर तिला बोलावून घ्या. तिकडे कुणी आहे ना तिला सांभाळायला?"

मी म्हटलं, आजी आहे.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. तुम्ही जे म्हणाला होतात तेच त्यांनी शिक्का मारून दिलंय. पोरीला पाठव, तुझं तू बघ. तुम्ही रागाने म्हणाला होतात. ह्या लोकांना तर रागही नाही.

आई, तुम्हाला खरं सांगते, मी तिला पाठवायचा विचार केला. दोन-तीन वर्षं म्हणजे काय, तुमच्याकडेच तर राहील, तुम्ही दोन पोरं वाढवलीत. मी भाऊजींना शाळेची चौकशी करायला सांगितली. ह्या वेळी त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही वाटतं, नाहीतर निरोप आला असता. माळ्यावरून लहान बॅग काढली. तिचे कपडे घड्या करून भरले. ती शाळेतून आली, बॅगेकडे बघत उभी राहिली.

"आपण कुठे चाललोय?"

मी सांगितलं की तू आजीकडे जाणार आहेस. आजी रोज पुढ्यात बसवून तुला फ्रॉक शिवून देईल. मी नंतर येईन, थोडेच दिवस.

ती मराठीत बोलली. म्हणाली, "बाबा पण म्हणाले होते, थोडेच दिवस."

रडली वगैरे नाही. दप्तर खुंटीला लावलं आणि हात धुवायला गेली.

बॅग अजून तशीच दारापाशी आहे. उद्या काय करेन मला माहीत नाही. म्हणून हे पत्र आजच टाकते.

तुमची सून


१४ जुलै

आई,

आम्ही दोघीही येतोय. शनिवारी, दुपारच्या विमानाने. भाऊजींना वेळ कळवली आहे.

तुमच्या घरी राहणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे दारात वाद नको. माझ्या जुन्या लॅबच्या बाईंनी मला परत कामावर घेतलंय. त्यांच्याच ओळखीने तुमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक खोली मिळाली आहे. बटण शाळा सुटल्यावर तुमच्याकडे येईल, मी काम संपवून तिला घेऊन जाईन. तुम्हाला नातही मिळेल आणि माझं तोंडही फार बघावं लागणार नाही.

मालकांना सोमवारी सांगितलं. सकाळी गेल्यागेल्याच सांगायचं ठरवलं होतं, पण ते साचा ओतत होते. प्लास्टर कालवलं की थांबता येत नाही, लगेच घट्ट होतं. म्हणून उभी राहिले. ते वाटी हलवत म्हणाले, "बोल, हात कामात आहेत, कान मोकळे आहेत."

मी सांगितलं. त्यांनी साचा भरला, थरथरत्या मशीनवर ठेवला, बुडबुडे निघेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "मुलगी केवढी आहे?"

त्यांना माहीत होतं. ती कितीदा त्या स्टुलावर बसून मेणाचे ससे करायची.

"नऊ."

"मग बरोबर आहे," म्हणाले. "मी तुझ्या जागी असतो तर मला सुचलं नसतं. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना मी इथेच बसलेलो होतो."

मी म्हटलं, परवानगी तर मिळाली आहे, दुसरं कुणी ठेवा. ते म्हणाले, "ती मी तुझ्यासाठी काढली होती." आवाज चढवून नाही, नुसतं सांगितलं. मग हातातली कामं संपेपर्यंत लॅब चालू ठेवून पुढे बंद करणार असल्याचं म्हणाले. मुलीकडे जातील. संध्याकाळी मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या हातात त्यांचं मेण कोरायचं हत्यार ठेवलं, मूठ झिजून त्यांच्या बोटांच्या आकाराची झालेली. मी नको म्हणाले नाही. नको म्हटलं असतं तर त्यांना पुन्हा बोलावं लागलं असतं.

घर रिकामं झालंय. ह्यांचे कपडे खालच्या मजल्यावरच्या प्लंबरला दिले, त्याला बरोबर बसतात. काल तो ह्यांचा राखाडी स्वेटर घालून जिना चढत होता. मी वरून पाठ बघितली आणि कठडा धरून उभी राहिले. त्याने वर बघून विचारलं, बाई, काही हवंय का? मी म्हटलं, नाही, जा तुम्ही.

बसथांब्यावरही जाऊन आले. बस आली, चालकाने दार उघडलं. मी चढले नाही, तो निघून गेला.

तुमची सून


९ ऑगस्ट

आई,

दोन गल्ल्या सोडून राहते आणि पत्र लिहिते, तुम्ही हसाल. भाऊजींच्या हाती पाठवते आहे. रोज संध्याकाळी बटणला न्यायला येते तेव्हा तुम्ही दार उघडता, तिची वेणी नीट करता, दप्तर माझ्या हातात देता. चपला घालेपर्यंत थांबता. मी काही बोलायला जाते आणि तुम्ही वळता. म्हणून हे कागदावर.

बटण म्हणाली की तुम्ही तिला बाबांच्या लहानपणचं सांगता. ते शाळेत जाताना तुमच्या मशीनचा पट्टा लपवून ठेवायचे, म्हणजे तुम्हाला काम करता येऊ नये आणि तुम्ही सोडायला जावं. मला त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. आता बटण रात्री अंथरुणात पडल्यावर मला सांगते, मराठीत. आणि मग मला विचारते की दवाखान्यात बाबा काय काय बोलले. मी तिला थोडं सांगितलंय. सगळं तुम्हाला सांगायचं आहे. ते पत्रात लिहिता येत नाही, मी तीनदा कागद घेतला. रविवारी मला सुट्टी असते, तेव्हा येऊ का? तुम्ही नको म्हणालात तर पुढच्या रविवारी विचारेन.

आणि विमानतळाचं. त्या दिवसाबद्दल आपण कुणीच बोललो नाही.

तुम्ही येणार नाही असं भाऊजींनी सांगितलं होतं. काच सरकली, आम्ही ट्रॉली ढकलत बाहेर आलो आणि कठड्याशी तुम्ही दिसलात. वाळून गेला होतात. बटण धावली, तुम्ही तिला पोटाशी धरलंत, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकलीत. पण तुमचे डोळे दाराकडेच होते. मला वाटलं, माझ्याकडे बघायचं नाही म्हणून. मी बाजूला झाले. तरी तुम्ही दाराकडेच बघत होतात. काच सरकली की तुमची मान थोडी पुढे व्हायची. कुणीतरी बाहेर यायचं, त्याचे लोक त्याला हाका मारायचे, काच मिटायची.

भाऊजी म्हणाले, "आई, चल, गाडी लांब उभी केलीय." मी त्यांचा दंड धरला आणि मानेनेच नको म्हटलं. ते समजले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मी तुमच्या शेजारी येऊन उभी राहिले. आपण तिघी तशाच त्या दाराकडे बघत होतो. गर्दी कमी झाली. एक म्हातारं जोडपं आलं, मग खांद्यावर पोर घेतलेली एक बाई, मग बराच वेळ कुणीच नाही. शेवटी विमानातले कर्मचारी आले, आपापल्या बॅगा ओढत, आणि त्यांच्या मागून आलेल्या माणसाने आतून दाराला कडी घातली.

तेव्हा तुम्ही पदराने तोंड पुसलंत, ट्रॉलीवर एक हात ठेवलात आणि मला म्हणालात, "चल."

तुमची सून